टोपीवाल्या उंदराचं चित्रपुस्तक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या शनिवारच्या गोष्टीच्या तासाला दरवर्षी मुलं आणि पालक मिळून टोपीवाल्या उंदराचं चित्रपुस्तक हाताने तयार करतात. पुस्तक घरी जातं, रोज रात्री वाचलं जातं, आणि आठवड्याभरात प्रश्न यायला लागतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे क्रमांक दिला आहे.

१. गोष्ट नक्की काय आहे? मला फक्त 'ढुम ढुम ढुमाक' आठवतं.

बहुतेकांना तेवढंच आठवतं. एका उंदराला रस्त्यात चिंधी सापडते. ती मळकी असते म्हणून तो परटाकडे जातो: "परीटदादा, परीटदादा, माझी चिंधी धुऊन दे." मग रंगाऱ्याकडून ती रंगवून घेतो, शिंप्याकडून तिची टोपी शिवून घेतो आणि शेवटी तिला गोंडे लावून घेतो. टोपी डोक्यावर, ढोलकं गळ्यात, आणि स्वारी निघते राजवाड्याकडे. राजाच्या टोपीपेक्षा माझी टोपी छान, असं तो वाजवत सांगत सुटतो. राजा चिडतो, शिपाई उंदराची टोपी काढून घेतात. उंदीर ओरडतो:

"राजा भिकारी, माझी टोपी घेतली! ढुम ढुम ढुमाक!"

राजाला लाज वाटते. तो टोपी परत देतो. आता उंदीर गप्प बसेल असं सगळ्यांना वाटतं, पण नाही:

"राजा मला भ्याला, माझी टोपी दिली! ढुम ढुम ढुमाक!"

संपली गोष्ट.

२. कोणत्या वयाच्या मुलाला वाचून दाखवावी?

अडीच-तीन वर्षांच्या मुलाला 'ढुम ढुम ढुमाक' पुरतं. ते आलं की ते हसतं, बाकीच्या गोष्टीशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. चार-पाच वर्षांचं मूल पुढचा माणूस कोण हे आधीच सांगू लागतं: "आता शिंपी!" राजाची झालेली पंचाईत मात्र सहाच्या आसपास उमगते. ज्या दिवशी ती उमगते त्या दिवशी मूल वेगळंच हसतं, ते तुमच्या लक्षात येईल. तेव्हा तीन वर्षांपूर्वी आणलेलं पुस्तक 'लहान मुलांचं' म्हणून रद्दीत देऊ नका.

३. माझी आजी वेगळी गोष्ट सांगायची. खरी कोणती?

आजीची खरी. ही लोककथा आहे, तिचा एकच मूळ पाठ नाही. कुठे रंगारी येतच नाही, कुठे परटाच्या आधी शिंपी येतो, कुठे राजाऐवजी पाटील असतो. हिंदीत तर हीच टोपी एका चिमणीच्या डोक्यावर आहे. तिला चिंधीऐवजी कापूस मिळतो, आणि पिंजारी, सूत कातणारा, विणकर, शिंपी असं करत ती टोपीपर्यंत पोचते.

पुस्तक करताना घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी गोष्ट सांगायला लावा आणि तीच लिहून घ्या. दोनच गोष्टी हलवू नका: टोपी घेतल्यावरची ओळ आणि टोपी दिल्यावरची ओळ. या दोन ओळी असतील तर मधले सगळे कारागीर बदलले तरी गोष्ट तीच राहते.

४. उंदीर राजाला भिकारी म्हणतो. मुलं उद्धटपणा शिकणार नाहीत का?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हा. उत्तर जरा लांबणार आहे.

राजाकडे शिपाई आहेत, वाडा आहे. उंदराकडे एक टोपी, एक ढोलकं आणि आवाज. टोपी जाते तेव्हा त्याच्याकडे भांडायला काहीच उरत नाही, म्हणून तो झालं ते मोठ्याने सांगतो. ज्याच्याकडे सगळं आहे त्यानं चिंधीची टोपी घेतली, मग त्याला काय म्हणायचं? 'भिकारी' हा उंदराने घटनेतून काढलेला निष्कर्ष आहे, आणि मुलांना तो अगदी बरोबर वाटतो. राजा टोपी ठेवतो तर भिकारी, परत देतो तर भित्रा. त्याला सुटायला वाटच नाही, आणि सगळा विनोद तिथे आहे.

ढोलक्याकडेही लक्ष द्या. आपल्या गावांमध्ये सरकारी हुकूम सांगायला दवंडी पिटत. ढोल वाजला की लोक थांबायचे, कारण वरून काहीतरी आलंय. म्हणजे ढोल हे राजाच्या आवाजाचं वाद्य. उंदीर तेच वाद्य गळ्यात अडकवतो आणि राजाविरुद्धची बातमी गावाला देतो. ज्या आजोबांनी दवंडी ऐकली आहे त्यांना या गोष्टीचं हसू आपल्याहून जास्त येतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आता उद्धटपणाबद्दल. मुलं ही ओळ घरात वापरतात, हे खरं आहे. खेळणं काढून घेतलं की "बाबा भिकारी, माझी गाडी घेतली!" असं ऐकू येतं. आमच्याकडच्या बऱ्याच आईबाबांनी हे सोसलंय. त्या वेळी मी एवढंच सांगते: गाडी का घेतली ते मुलाला सांगा. कारण योग्य असेल तर मूल ऐकतं. कारण नसेल तर उंदराचं बरोबर आहे.

काही छापील आवृत्त्यांमध्ये उंदीर शेवटी राजाची माफी मागतो किंवा राजा त्याला शाबासकी देऊन दरबारात ठेवून घेतो. माझी कळकळीची विनंती आहे, असं करू नका. नम्र उंदराची गोष्ट मुलं एकदा ऐकतात. या उंदराची रोज मागतात.

५. पण 'भिकारी' हा शब्द तरी बदलावा का? सिग्नलवर मागणाऱ्या माणसांना तो लागतो.

हा आक्षेप मला पटतो, आणि तो चौथ्या प्रश्नापेक्षा वेगळा आहे. गोष्टीतला शब्द सगळं असलेल्या माणसाकडे रोखलेला आहे, नसलेल्याकडे नाही. तरी मूल तो शब्द रस्त्यावरच्या माणसाला लावू शकतं. ज्या घरात हा प्रश्न जिवंत आहे तिथे 'राजा कंगाल' म्हणून बघा, ताल जवळपास तसाच बसतो. 'राजा गरीब' मात्र नको, त्यात गरिबीच शिवी होऊन बसते. आम्ही तासाला मूळ शब्दच ठेवतो आणि मुलांनी विचारलं की मागणाऱ्या माणसांबद्दल वेगळं, नीट बोलतो.

६. तात्पर्य कुठे लिहायचं?

कुठेच नाही. शेवटचं पान ढोलक्याचं असू द्या.

७. आमच्या गोष्टीत उंदीर शिंप्याला धमकी देतो: शिपायांना बोलावीन, मार देववीन, मी तमाशा बघीन. हे ठेवावं का?

अनेक घरांत गोष्ट अशीच सांगतात. कारागीर नाही म्हणतो, उंदीर शिपायांची धमकी देतो, कारागीर घाबरून काम करतो. या पाठात एक मोठी गंमत आहे, शिपायांची भीती घालणाऱ्या उंदराचीच टोपी शेवटी शिपाई काढून घेतात. पण लहान मुलांना एवढ्या लांबचा दुवा लागत नाही. त्यांना धमकी चालते एवढंच कळतं.

मला हिंदी चिमणीची तऱ्हा जास्त आवडते. ती कारागिराला म्हणते, अर्धं तू घे, अर्धं मला दे. त्यामुळे टोपी कष्टाचा मोबदला देऊन झालेली असते, आणि मग राजाने ती हिसकावणं अधिकच खटकतं. आमच्या पुस्तकात उंदीर शिंप्याला चिंधीतला उरलेला तुकडा देऊ करतो. धमकीचा पाठ ठेवायचा असेल तर मूल आठ-नऊ वर्षांचं झाल्यावर सांगा आणि त्यालाच विचारा, उंदीर आणि राजा यांच्यात काय सारखं आहे. उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

८. उंदरानं राजाशी, परटाशी अरे-तुरे करावं का? 'अहो परीटकाका' लिहिलं तर?

'अहो' आलं की ताल मोडतो. "परीटदादा, परीटदादा, धुऊन दे" यात दादा म्हणण्यातच मान आहे. मराठीत 'तू' नेहमी कमीपणाचा नसतो. आईला आपण तू म्हणतो, विठ्ठलालाही तूच म्हणतो.

राजाच्या ओळीत तर गंमतच आहे. उंदीर राजाशी बोलतच नाही, तो गावाशी बोलतो. 'तू घेतलीस' नाही, 'घेतली'. त्यामुळे तू की तुम्ही हा प्रश्न तिथे येत नाही.

उंदराला काय म्हणायचं, हेही विचारतात. आपल्या गोष्टींत प्राणी नातं घेऊनच येतात: चिऊताई, खारुताई, वाघोबा, कोल्होबा, उंदीरमामा. निवेदनात उंदीरमामा छान वाटतं. गोव्याकडची मुलं असतील तर कोंकणीतला 'हुंदीर' म्हणून बघा, ती लगेच सरसावून बसतात.

९. प्राणी बोलतात असं सांगणं म्हणजे मुलांशी खोटं बोलणं नाही का?

आजवर एकाही मुलाने गोष्ट ऐकून घरातल्या उंदराशी बोलायचा प्रयत्न केल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. 'एक होता उंदीर' म्हटलं की आपण गोष्टीच्या घरात शिरलो, हे तीन वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतं.

आणि ही आपल्याकडची जुनी रीत आहे. काऊचं घर शेणाचं आणि चिऊचं मेणाचं ही गोष्ट तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात आहे. तिथे चिमणीच्या जागी साळई आहे, आणि सांगणारे आहेत चक्रधरस्वामी. मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांना सांगितलेली ही बोलक्या पक्ष्यांची गोष्ट आहे. पंचतंत्राबद्दल पुढच्या उत्तरात.

१०. उंदीरच का? ससा किंवा माकड का नाही?

टोपी घालायला माकडही चाललं असतं, पण राजासमोर उभं राहायला सगळ्यात लहान प्राणी हवा. आकारातला फरक जितका मोठा, तितकी आरोळी मजेची. शिवाय आपल्या मुलांना उंदीर गणपतीच्या पायाशी लाडू घेऊन बसलेला माहीत असतो, त्याच्याशी त्यांची आधीच मैत्री असते.

पंचतंत्रातला हिरण्यक उंदीर या निमित्ताने जरूर सांगा. तो भिक्षेचं भांडं खुंटीवर कितीही उंच टांगलं तरी उडी मारून गाठायचा. संन्याशाच्या पाहुण्याने ओळखलं की या उडीमागे बिळात पुरलेल्या धनाची ऊब आहे. बीळ खणून धन काढून घेतलं, आणि हिरण्यकाची उडीच गेली. आमचा उंदीर याच्या अगदी उलट आहे. याची टोपी गेली की आवाज वाढतो. दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ वाचल्या तर दहा-बारा वर्षांची मुलंही रमतात.

११. पुस्तक किती पृष्ठांचं करायचं? छापील पुस्तकं ३२चीच का असतात?

कागदाचा मोठा ताव तीनदा दुमडला की १६ पृष्ठं होतात. छापखान्यात त्याला फॉर्म म्हणतात. दोन फॉर्म म्हणजे ३२, म्हणून तो आकडा सगळीकडे दिसतो. घरी करताना ए-फोर कागद मधोमध दुमडला की चार पृष्ठं मिळतात. या गोष्टीला २४ पुरतात, म्हणजे सहा कागद आणि वर जाड कागदाचं मुखपृष्ठ. मधल्या घडीवर सुई-दोऱ्याने तीन-चार टाके घाला. पिना लहान मुलांच्या बोटांना लागतात.

आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे पान उलटणं. विषम क्रमांकाचं पृष्ठ उजवीकडे येतं आणि ते वाचून झालं की पान उलटतं. म्हणून शिपाई टोपी काढून घेतात ते उजव्या पृष्ठावर यायला हवं. खाली काही लिहू नका. मूल श्वास रोखून पान उलटेल, आणि तिथे ढुम ढुम ढुमाक. टोपी परत मिळते तेव्हाही हेच करा. आरोळी समोरच्याच पृष्ठावर दिसली तर मजा गेली. पहिल्या वर्षी आमच्याकडून हे चुकलं होतं. गोष्ट तीच, चित्रं छान, पण मुलं हसली नाहीत. एक पृष्ठ पुढे सरकवलं आणि तास दणाणला.

१२. मला चित्र काढता येत नाही. राजा कसा काढू?

पूर्ण राजा काढूच नका. पहिल्यांदा फक्त त्याची मोजडी काढा, पृष्ठभर, आणि कोपऱ्यात टिचभर उंदीर. टोपी परत देताना राजा वाकतो, तेव्हा पहिल्यांदा चेहरा दाखवा. दोघांचे डोळे एका पातळीवर आले की वेगळं सांगायला लागत नाही.

शब्दांत जे आहे तेच चित्रात पुन्हा काढू नका. 'राजा मला भ्याला' असं उंदीर ओरडतो तिथे राणी तोंडाला पदर लावून हसताना दाखवता येईल, किंवा शिपाई ओठ दाबून उभे. मुलं हे आपल्याआधी शोधतात.

टोपी गोंड्याची असू द्या. पांढरी गांधी टोपी काढली की मोठ्यांच्या मनात भलतेच अर्थ येतात आणि गोष्ट हातची जाते.

१३. मुलीला नायिका हवी आहे. उंदराऐवजी उंदीरताई चालेल का?

अगदी सहज. दोन्ही आरोळ्या म्हणून बघा: 'राजा भिकारी, माझी टोपी घेतली', 'राजा मला भ्याला, माझी टोपी दिली'. बोलणारा 'तो' आहे की 'ती', याची खूण दोन्हींत कुठेच नाही. निवेदनातलं 'गेला', 'म्हणाला' तेवढं 'गेली', 'म्हणाली' करायचं. एका पाच वर्षांच्या मुलीने विचारेपर्यंत माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

१४. आम्ही अमेरिकेत असतो. परीट, रंगारी, गोंडा हे शब्द मुलाला कुठून कळणार?

आधी समजावत बसू नका. आरोळी पाठ होऊ द्या, ती अर्थाशिवायही तोंडात बसते. मग एका रविवारी जुन्या कपड्याची चिंधी घेऊन तुम्हीच धुवा, हळदीत रंगवा, शिवा आणि लोकरीचा गोंडा लावा. चार शब्द चार कामांतून कळतात, कोशाची गरज पडत नाही. 'धोबी' आणि 'परीट' यांतला घरी चालतो तो घ्या. पण पुस्तकात 'लाँड्री' लिहू नका: यंत्राला 'दादा' म्हणता येत नाही.

१५. मुलाला ऐकू येत नाही. पूर्ण गोष्ट आवाजावर आहे, मग?

ढोल अंगालाही कळतो. मुलाचे तळहात पत्र्याच्या डब्यावर किंवा लाकडी पाटावर ठेवा आणि तुम्ही त्यावर वाजवा: दोन छोटे ठोके, एक मोठा. हाच ठेका चित्रात दोन लहान ठिपके आणि एक मोठा ठिपका असा काढा. आमच्याकडे आलेल्या एका मुलाने ते ठिपके बघून स्वतःच ठेका धरला. दिसत नसलेल्या मुलासाठी चिंधी, टोपी आणि गोंडा खरेच चिकटवा. बोटांनी पान उलटण्याची वाट बघता येते.

१६. घरात उंदीर झालेत आणि आम्ही पिंजरा लावलाय. मूल रडतंय. काय सांगू?

खरं सांगा. घरातला उंदीर धान्य नासवतो, आणि त्याच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार पसरतो, विशेषतः पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून. म्हणून तो घरात नको. पुस्तकातला उंदीर टोपी घालतो, तो वेगळा. मुलांना ही दोन घरं वेगळी ठेवता येतात (प्रश्न ९). पिंजरा मात्र मुलाच्या नजरेआड ठेवा आणि त्या आठवड्यात दुसरं पुस्तक वाचा.

१७. ही गोष्ट आम्ही छापून विकू शकतो का?

लोककथा कोणाच्या मालकीची नाही, तुमच्या शब्दांत आणि तुमच्या चित्रांनी जरूर छापा. दुसऱ्या कोणी केलेलं पुनर्कथन किंवा चित्रं मात्र उचलता येणार नाहीत. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. चित्रकार वेगळा असेल तर त्याचा हक्क वेगळा धरायचा. मुलांची चित्रं वापरणार असाल तर पालकांची लेखी परवानगी घ्या आणि मुलांची नावं आत छापा.

१८. अशी आणखी मराठी पुस्तकं कमी पैशांत कुठे मिळतील?

नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेत मराठी पुस्तकं आहेत, किंमत परवडणारी असते. प्रथम बुक्सने २०१५मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, आणि तिथल्या मुक्त परवान्यामुळे श्रेय देऊन ती छापता आणि भाषांतरितही करता येतात. निवडताना शेवटचं पान आधी बघा. तिथे उपदेश असेल तर पुस्तक परत ठेवा (प्रश्न ६).

१९. पुस्तक आठवड्यात फाटलं. कसं जोडू?

चिकटपट्टी लावू नका, वर्षभरात ती पिवळी पडते आणि कागद आणखी फाटतो. कणकेची पातळ खळ शिजवा, पतंगाच्या पातळ कागदाची पट्टी तिने फाटलेल्या जागी चिकटवा आणि रात्रभर जड वस्तूखाली ठेवा. आमच्या अनुभवात सगळ्यात आधी फाटतं ते टोपी काढून घेतल्यानंतर उलटायचं पान. त्या पानाची एक जास्तीची प्रत आधीच काढून ठेवलेली बरी.